वरच्या कागदाचा रंग कोणता?

नवरा-बायकोत मारामारी झाल्याचा फोन येतो. गाडी जाते, दोन पोलीस दारात उभे राहतात. बायकोचा ओठ सुजलेला, नवरा आता एकदम शांत, शेजारी खिडकीतून डोकावतायत. पुढे काय करायचं, हे ठरवायला त्या दोघांकडे जेमतेम काही मिनिटं असतात. न्यायाधीश तिथे नसतो, वरिष्ठही नसतो. अटक करायची, दोघांना समोर बसवून बोलायचं, की नवऱ्याला रात्रीपुरतं बाहेर काढायचं? कायद्याच्या भाषेत याला स्वेच्छाधिकार म्हणतात. आपल्याकडच्या बातम्यांत तो 'समज देऊन सोडले' या तीन शब्दांत उरकतो.

अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात १७ मार्च १९८१ पासून काही पोलिसांनी हा अधिकार स्वखुशीने बाजूला ठेवला. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या दोन संशोधकांनी त्यांच्या हातात रंगीत फॉर्मचं एक पॅड दिलं होतं. एक रंग म्हणजे अटक, दुसरा म्हणजे समजावणं, तिसरा म्हणजे मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर ठेवणं. रंगांचा क्रम आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखा लावलेला. घटना किरकोळ मारहाणीची असेल आणि दोघंही घरात हजर असतील, तर वरच्या कागदाचा जो रंग असेल तसं वागायचं. गंभीर जखम असेल तर मात्र पॅड खिशातच राहायचं.

एवढा खटाटोप कशाला, जुन्या नोंदी चाळल्या असत्या तरी चाललं असतं की, असं वाटेल. तसं चालत नाही. पोलीस ज्यांना अटक करतात ते बहुधा मुळातच जास्त हिंसक असतात. सुटल्यावर त्यांनी पुन्हा हात उचलला, तर दोष अटकेचा की माणसाचा, हे कसं कळणार? आयसीयूत माणसं जास्त दगावतात म्हणून आयसीयूच घातक, असं म्हणण्यासारखं ते होईल. औषधांच्या चाचणीत रुग्णांची वाटणी नशिबावर सोडतात ती याच कारणासाठी. इथे औषधाच्या जागी बेडी होती, इतकंच.

एकूण ३१४ घटनांचा हिशेब निघाला. पुढच्या सहा महिन्यांतल्या पोलीस नोंदी पाहिल्या, तर अटक झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी, समज दिलेल्यांपैकी १९ टक्क्यांनी आणि बाहेर काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी पुन्हा प्रताप केला होता. बायकांना थेट विचारल्यावर आकडे वाढले, पण अटक तिथेही सरस ठरली.

मात्र पॅड पोलिसाच्या हातात होतं. पुढचा रंग बघणं काही अवघड नव्हतं आणि बघितल्यावर ही घटना प्रयोगात घ्यायची की नाही, हे ठरवणंही त्याच्याच हातात होतं. सुमारे २८ टक्के घटना तर फक्त तीन अधिकाऱ्यांनी आणल्या होत्या. अटकेचा कागद आला की अटक जवळजवळ हमखास व्हायची. समजावण्याचा किंवा बाहेर काढण्याचा कागद आला की मात्र पाचातल्या एका घटनेत, कधी त्याहूनही जास्त वेळा, पोलीस आपल्याच मनाने वागायचे. दारातून घालवलेला स्वेच्छाधिकार खिडकीतून आत आला होता.

१९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. त्याच वर्षी कनेक्टिकटमधल्या टोरिंग्टन शहरावर एक खटला उभा होता. वारंवार तक्रारी करूनही पोलिसांनी एका बाईच्या नवऱ्याला रोखलं नव्हतं. शेवटी त्याने तिला भोसकलं आणि पोलीस पोचल्यावरही, त्यांच्या देखत, लाथ मारली. ज्यूरीने १९८५ मध्ये २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. एका हातात विज्ञान, दुसऱ्या हातात भरपाईचं बिल; मग काय, एकामागून एक राज्यांनी अटक सक्तीची केली किंवा तिला झुकतं माप दिलं. शर्मन आणि बर्क यांनी सक्ती सुचवलीच नव्हती. अटक न करण्याचं सबळ कारण नसेल तर अटक करावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण कायदा करताना 'सबळ कारण नसेल तर' हे शब्द सगळ्यात आधी गळतात.

मग इतर शहरांत प्रयोग पुन्हा झाले आणि चित्र फिस्कटलं. ओमाहा आणि शार्लटमध्ये अटकेचा काहीच फायदा दिसला नाही. मिलवॉकीतला प्रयोग सर्वात बोलका. तिथे बाराशे घटना होत्या आणि अटकेचेही दोन प्रकार केले होते: सुमारे तीन तासांची आणि सुमारे अकरा तासांची. तीन तासांच्या अटकेने सुरुवातीला मारहाण कमी झाली, पण काही महिन्यांनी उलट वाढली. नोकरीवाल्यांची आणि बेकारांची आकडेवारी वेगळी केली तेव्हा गोष्ट आणखी उघडी पडली. नोकरी असलेला माणूस अटकेनंतर वचकला. बेकार माणूस जास्त चवताळला. ज्याला साहेबाला तोंड दाखवायचंय त्याला कोठडीची लाज वाटते. ज्याचं गमावण्यासारखं काही उरलेलंच नाही, तो घरी येतो तो राग घेऊनच. 'सरासरी' या शब्दाखाली ही दोन माणसं गाडली गेली होती. पाच शहरांचे आकडे एकत्र करून २००१ मध्ये निघालेला निष्कर्षही बेताचाच होता: अटकेने फायदा होतो, पण थोडा.

शर्मन यांनी मिलवॉकीचा माग सोडला नाही. २३ वर्षांनी त्यांनी त्या प्रयोगातल्या पीडितांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण समज दिलेल्यांच्या जोडीदारांपेक्षा ६४ टक्के जास्त निघालं. हे बहुतेक मृत्यू खून नव्हते. हृदयविकारासारखे नेहमीचे आजार होते. आपल्या माणसाला बेड्या घालून नेताना पाहणं शरीरात इतकी वर्षं साचून राहतं का? मला हा दुवा अजून पक्का वाटत नाही, पण तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही.

आणि सक्तीने स्वेच्छाधिकार संपला का? कनेक्टिकटमध्ये सक्ती आली आणि पोलीस दोघांनाही उचलू लागले: तिने ओरबाडलंय, त्याने मारलंय, चला दोघंही. अटक करायची की नाही हा प्रश्न सुटला. कुणाला करायची हा उरला. म्हणून मग मूळ हल्लेखोर कोण ते ओळखा, असे कायदे करावे लागले. ते ओळखणार कोण? दारात उभा असलेला तोच पोलीस.

आपल्याकडे वारं उलटं वाहिलं. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४९८-अ, म्हणजे विवाहितेच्या छळाचं कलम, लागलं म्हणून सरसकट अटक करू नका, कारण लेखी नोंदवा. महाराष्ट्रात मात्र खरी मेख त्याच्या आधीच असते: ठाणे अंमलदार गुन्हा नोंदवतो की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतो. एनसीची पावती हातात घेऊन बाई घरी परतते, तेव्हा निर्णय झालेला असतो.

ओमाहाच्या प्रयोगातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पोलीस पोचण्याआधीच बरेच नवरे पसार झालेले असतात. मिनिआपोलिसच्या पॅडमध्ये त्यांच्यासाठी रंगच नव्हता. ओमाहात अशा २४७ घटना वेगळ्या काढल्या. त्यातल्या काहींच्या नावाने, पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच, वॉरंट काढण्यात आलं. बाकीच्यांत बायकोला फक्त सल्ला आणि माहिती दिली. वॉरंट निघालेल्यांनी पुन्हा हात उचलण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. नवरा घरात असताना केलेल्या अटकेने जे त्या शहरात साधलं नव्हतं, ते डोक्यावर लटकणाऱ्या एका कागदाने साधलं होतं.