मॉर्मन मिशनसेवा

मॉर्मन मिशनसेवा : ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथातील तरुण-तरुणींनी घर, शिक्षण आणि नोकरी बाजूला ठेवून करायची पूर्णवेळ, बिनपगारी धर्मप्रचाराची सेवा. मुलांसाठी मुदत २४ महिने, मुलींसाठी १८. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत आहे. ‘मॉर्मन’ हे नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथावरून पडले. २०१८ पासून पंथाचे नेतृत्व ते टाळायला सांगत आले आहे, पण लोकांच्या तोंडी तेच असल्याने या नोंदीतही तेच ठेवले आहे.

स्थापनेच्याच वर्षी जोसेफचा धाकटा भाऊ सॅम्युएल ग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव हिंडला. तो या परंपरेतला पहिला प्रचारक मानला जातो. १८३७ मध्ये एक तुकडी इंग्लंडला पोहोचली. त्या काळी जाणारे बहुतेक संसारी पुरुष असत आणि मागे बायकामुले कशीबशी निभावून नेत. १८९८ पासून अविवाहित स्त्रियाही रीतसर जाऊ लागल्या. प्रत्येक सक्षम तरुणाने जावेच, असा आग्रह १९७० च्या दशकात बळावला. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केल्यावर शाळा सुटते न सुटते तोच निघणाऱ्यांची रीघ लागली. २०२४ च्या अखेरीस जगभर सुमारे ७४ हजार जण सेवेत होते.

महाराष्ट्राशी संबंध जुना आहे, पण क्षीण. स्कॉटलंडचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही राहिला. त्याने मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. हाती लागले ते मुख्यतः गोऱ्या पलटणींच्या आसपासचे थोडे लोक. काही वर्षांतच ते काम आवरले गेले. आधुनिक काळात १९९३ मध्ये बंगळूर येथे मिशनची स्थापना झाली.

कोणी कुठे जायचे हे इच्छुकाच्या हातात नसते. अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि स्थानिक बिशपची (मंडळीच्या प्रमुखाची) मुलाखत झाली की नेमणूक सॉल्ट लेकहून येते. पूर्वी ती जाड पाकिटातून टपालाने येई, २०१८ पासून ऑनलाइन येते. सगळे घर जमवून मुलाने ती मोठ्याने वाचायची, हा मॉर्मन कुटुंबांतला सोहळाच आहे. शेजारच्या राज्याचे नाव निघेल, नाहीतर मंगोलियाचे. खर्च मिशनरीचा किंवा त्याच्या घरच्यांचा. अमेरिकेत २०२० पासून त्यासाठी महिना ५०० डॉलर भरावे लागतात. अनेक मुले शाळेत असल्यापासून त्यासाठी पैसे साठवतात.

नंतर प्रशिक्षण. सर्वांत मोठे केंद्र युटातील प्रोव्हो येथे आहे. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम काही आठवड्यांनी वाढतो. व्याकरण पुरते डोक्यात शिरण्याआधीच त्या भाषेत प्रार्थना करायला लावतात, आणि चुकत-माकत का होईना, मुले बोलू लागतात. इथूनच पहिले नाव मागे पडते. मुलगा ‘एल्डर’ आणि मुलगी ‘सिस्टर’, पुढे फक्त आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, आणि हा ज्येष्ठ असतो १८ वर्षांचा! मुलांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर काळी पट्टी असते. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव आणि पंथाचे नाव.

दिवस साधारण साडेसहाला उजाडतो. प्रार्थना, व्यायाम, न्याहारी, मग ग्रंथवाचन आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास सायकलवर, बसने किंवा पायी बाहेर. रात्री नऊच्या आसपास परत, साडेदहाला दिवे बंद. मधल्या वेळात दारे ठोठावणे, रस्त्यात लोकांना थांबवणे, ठरलेल्या घरी जाऊन धडे देणे, कोणाचे सामान हलवू लागणे. अलीकडे समाजमाध्यमांवरचे संवादही त्यात आले. बहुतेक दारे उघडत नाहीत, आणि उघडलेली लगेच बंद होतात. आठवड्याला आकडे वर कळवायचे असतात: किती जणांना शिकवले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख घेतली. अध्यात्माची ही हिशेबवही अनेकांना टोचते, आणि ते साहजिक आहे.

या जीवनाचा खरा कणा मात्र वेळापत्रक नव्हे, जोडीदार हा आहे. येशूने शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवले, या बायबलमधील प्रसंगाचा आधार घेऊन मिशनरी कायम जोडीने राहतात. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड किंवा हाकेपलीकडे जायचे नाही, झोपायचेही एकाच खोलीत. अपवाद काय तो न्हाणीघराचा. जोडीदार निवडता येत नाही आणि साधारण दर सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांत तो बदलू शकतो. एकजण भल्या पहाटे भजन गुणगुणणारा, दुसरा भांडी खरकटी टाकणारा, असे दोघे एका लहानशा खोलीत कोंबले की दया-क्षमा-शांतीची परीक्षा तिथेच होते. अनोळखी माणसापुढे प्रेमाचा धडा देणे त्या मानाने सोपे.

जेवणाची एक सोय मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. स्थानिक सभासद आळीपाळीने मिशनऱ्यांना जेवायला बोलावतात, जणू वार लावून दिलेले. पंथाच्या आहारनियमांत दारू-तंबाखूबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. त्यामुळे भारतात कोणाच्या घरी गेल्यावर पुढे आलेल्या चहाच्या कपाला नाही म्हणायचे, तेही यजमान न दुखावता, हे कसब लवकर शिकावे लागते.

आठवड्यातला एक दिवस ‘तयारीचा’, म्हणजे ‘पी-डे’. कपडे धुणे, किराणा, केस कापणे, थोडा खेळ आणि घरी पत्र. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. प्रेमसंबंध पूर्ण बंद. मैत्रिणीने दुसऱ्याशी लग्न ठरवल्याचे पत्र येणे ही तर मिशनऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट. घराकडे डोळे लागलेल्याला ते ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे मनाने ट्रंक भरून बसलेला.

आध्यात्मिक वाढीची कल्पना ‘साक्ष’ या शब्दाभोवती, म्हणजे आपला धर्म खरा आहे या स्वतःच्या खात्रीभोवती, फिरते. बुक ऑफ मॉर्मनच्या शेवटी वाचकाला सांगितले आहे की, हे खरे आहे का ते निर्मळ मनाने देवालाच विचार. मिशनरी हे आवाहन रोज दुसऱ्यांना करतो, आणि एखाद्या संध्याकाळी समोरचा विचारतो, “तुला उत्तर मिळालं का?” घरी आईवडिलांच्या पाठोपाठ म्हटलेले ‘मला ठाऊक आहे’ हे वाक्य आता एकट्याच्या बळावर म्हणावे लागते. पुष्कळांना ते उत्तर दृष्टान्तासारखे येत नाही. रोजचे वाचन, उपवास, नकार पचवणे आणि कोणा आजाऱ्यापाशी बसणे यांतून ते हळूहळू मुरते. पहिला धर्मांतरित तू स्वतःच, असे जुने मिशनरी म्हणतात, ते यासाठी. काहींच्या बाबतीत मात्र उलटे घडते: शंका इथेच पक्की होते. आजारपण, नैराश्य किंवा अश्रद्धा यांमुळे मुदतीआधी परतणाऱ्यांवर मंडळीत कुजबुज होते. नेतृत्वाने अलीकडे अशांना मानाने घ्यायला सांगितले असले, तरी ती पुरती थांबलेली नाही.

मुदत संपली की विमानतळावर फलक आणि फुगे घेऊन नातलग उभे असतात. तरीही सेवा तिथे संपत नाही. स्थानिक पदाधिकारी परतलेल्या मिशनरीला भेटून रीतसर सेवामुक्त करतो आणि मग खिशावरची काळी पट्टी उतरते. त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा तो खोलीत एकटाच झोपतो, आणि पलीकडच्या खाटेवरून कोणाचा श्वास ऐकू येत नाही म्हणून अनेकांना झोप लागत नाही.