ढेकूण कोणाचे? मुंबईतल्या भाड्याच्या घरांची एक जुनी तक्रार

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर मुंबईतल्या कित्येक घरांवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवलेली दिसू लागली : यू.एच.एच. अर्थ एवढाच की हे घर माणसाने राहण्याजोगं नाही. रोग जागेत मुरलेला असतो, अशी सरकारी समजूत होती. म्हणून कौलं काढून खोल्यांत ऊन सोडलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला. उंदीर मरून पडताहेत हे चाळीतल्या माणसाला दिसत होतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, पण ते सगळ्यांच्या गळी उतरायला आणखी जवळजवळ दहा वर्षं गेली.

दोष घराचा ठरला, म्हणजे खरं तर मालकाचा ठरायला हवा होता. कागदावर तसं झालंही. प्रत्यक्षात बिऱ्हाड हललं ते भाडेकरूचं. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, तेव्हा जमिनीची भरपाई मालकाला मिळाली. आठ बाय दहाच्या खोलीत राहणारा मात्र शेजारच्या तेवढ्याच कोंदट खोलीत शिरला.

मालकाच्या खिशाला थेट हात घातला तो मलेरियाने. डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबईतल्या मलेरियाचं मूळ घरोघरच्या विहिरींत शोधलं. मग विहिरी बुजवा किंवा झाका, असा तगादा मालकांमागे लागला. विहिरीला धर्माचं स्थान असलेल्यांनी, विशेषतः पारशी मंडळींनी, याला कडाडून विरोध केला. पण एक तत्त्व रुजलं : डास तुमच्या आवारात झाले तर जाब तुम्हालाच. गच्चीवरच्या उघड्या टाकीसाठी महापालिकेची नोटीस आजही येते ती याच वळणाने.

ढेकणांचं काय? ते साथ पसरवत नाहीत, त्यामुळे सरकारला त्यांच्यात कधीच रस नव्हता. त्यांचा निवाडा आधी इंग्लंडात झाला. ब्रायटनमधलं एक सजवलेलं घर सर थॉमस मॅरेबल यांनी पाच आठवड्यांसाठी, आठवड्याला आठ गिनी भाड्याने घेतलं. ढेकूण निघाले आणि मॅरेबल घर सोडून गेले. मालकाने भाड्यासाठी दावा लावला. १८४३ मध्ये कोर्टाने मॅरेबल यांच्या बाजूने कौल दिला : सामानासकट घर देताना ते राहण्याजोगं असल्याची हमी त्यात आलीच. पण लगोलग दुसऱ्या खटल्यात कोर्टाने हात आखडता घेतला. रिकाम्या घराला अशी हमी नाही, असं ठरलं. म्हणजे पलंग मालकाचा असेल तर ढेकूणही मालकाचे!

आपल्याकडचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याच परंपरेतला. त्याचं कलम १०८ सांगतं की मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने आधी उघड करावा. चौकट आतून वाळवीने पोखरलेली असेल आणि वरून ताजा रंग मारला असेल, तर हे कलम आठवावं.

पुढे भाडं गोठलं आणि सगळा हिशेबच फिरला. १९१८ च्या युद्धकाळात पहिलं भाडेनियंत्रण आलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून ठेवलं. इमारत दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी याच कायद्यात होती, पण महिन्याकाठी हातात येणाऱ्या चार-दोन रुपयांत कोणता मालक घुशींची बिळं बुजवणार? त्याने पाठ फिरवली. भाडेकरूनेही फार ताणलं नाही, कारण इतक्या स्वस्तात जागा दुसरीकडे मिळणार नव्हती. गाद्या उन्हात टाकणं, पलंगाच्या खाचांत रॉकेल किंवा उकळतं पाणी ओतणं, मोरीच्या तोंडाशी वीट ठेवणं ही घरातल्या बायकांची कामं होऊन बसली. त्यांच्या कष्टांचा हिशेब कोणत्याही भाडेपावतीवर नाही. मला विचाराल तर मुंबईतल्या कीडनियंत्रणाचा मोठा भाग त्यांनीच फुकट केला.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, ही मर्यादा. पण शब्द आहे ‘दुरुस्ती’. फुटलेला ड्रेनेज पाइप, कुजलेली चौकट त्यात बसते. झुरळांवर मारलेलं औषध बसतं का, यावर भांडण होतं.

आता तर बहुतेक नवे करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे राहण्याचा नुसता परवाना देणारे, अकरा महिन्यांचे. तिथे राहणारा कायद्याने भाडेकरूच नसतो, त्यामुळे कलम १०८ चा आधार सैल पडतो. १८८२ च्याच सुखाधिकार (ईझमेंट्स) कायद्यात परवानाधारकासाठी छोटी तरतूद आहे : त्याच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा माहीत असलेला दोष जागा देणाऱ्याने सांगावा. बाकी सारं करारावर. करारात पंखे, गिझर, ट्यूबलाइट मोजून लिहिलेले असतात. पेस्ट कंट्रोल कोणी करायचं, ही ओळ फार थोड्यांना सुचते. शिवाय एका फ्लॅटमध्ये फवारणी झाली की झुरळं डक्टमधून वरच्या मजल्यावर जातात, मग सोसायटी हा तिसरा पक्ष उभा राहतो.

केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. भिंतींची रंगसफेदी आणि पाइप बदलणं मालकाकडे, मोरी-गटार साफ करणं आणि खिडकीच्या माशीजाळ्या बदलणं भाडेकरूकडे. ढेकूण, झुरळ, वाळवी, उंदीर यांपैकी एकाचंही नाव त्या यादीत नाही.