नसलेल्या टेक्सासची गोष्ट

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, त्या सगळ्या झगमगाटाखाली, 2022 साली खांबांवर साध्या पाट्या लागल्या : हे बंदूकमुक्त क्षेत्र आहे. लेकीकडे-मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला असली पाटी वाचून आधी हसूच येईल. भर चौकात पिस्तूल आणू नका, हे काय सांगायला लागतं? आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रंसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. पण पाटी नीट वाचली की तिचा दुसरा अर्थ लक्षात येतो. जिथे ती नाही, तिथल्या गर्दीत कोटाखाली पिस्तूल असलेला माणूस कायद्याने फिरत असू शकतो.

सामान्य अमेरिकी नागरिकांकडे 2017 च्या एका अंदाजानुसार सुमारे 39 कोटी 30 लाख बंदुका होत्या, म्हणजे दर 100 माणसांमागे 120. पण घरात बंदूक असणं वेगळं आणि ती घेऊन बाजारात जाणं वेगळं. एके काळी तिथेही बऱ्याच राज्यांत त्यासाठी स्थानिक अधिकाऱ्याची मर्जी लागायची. 1987 मध्ये फ्लोरिडाने नियम बदलला : ठरावीक अटी पूर्ण केल्या की परवाना द्यायचाच, अधिकाऱ्याने 'कशाला हवंय?' असं विचारायचं नाही. मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. 2024 अखेर तर 29 राज्यांत परवान्याचीही गरज उरली नव्हती.

यामुळे गुन्हे वाढतात की कमी होतात? प्रश्न सोपा वाटतो. कायद्याआधीचे आकडे घ्या, नंतरचे घ्या, वजाबाकी करा. पण गुन्ह्यांचा आकडा एकट्या कायद्याने हलत नाही. नोकऱ्या, नशेचा धंदा, पोलिसांची संख्या, तरुणांचं प्रमाण हे सगळं त्याच काळात बदलत असतं. खरा प्रश्न असा असतो की कायदा झाला नसता तर त्याच राज्यात, त्याच वर्षी काय झालं असतं? अशा प्रश्नाला आपण 'आत्याबाईला मिशा असत्या तर' म्हणून उडवून लावतो. या विषयातल्या संशोधकांचं मात्र सगळं आयुष्य आत्याबाईच्या मिशा मोजण्यात गेलं आहे.

पहिला मोठा प्रयत्न जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थशास्त्रज्ञांचा, 1997 चा. त्यांनी 1977 ते 1992 या काळातले तीन हजारांहून अधिक काउंट्यांचे आकडे घेतले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. परवाने सैल झाले तिथे खून, बलात्कार आणि गंभीर मारहाणीचे गुन्हे घटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारणही पटण्याजोगं : समोरच्याच्या खिशात पिस्तूल आहे की नाही हे लुटारूला कळत नाही, म्हणून तो बिचकतो. बंदूकसमर्थकांनी हा निष्कर्ष डोक्यावर घेतला आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांत तो वाचून दाखवला जाऊ लागला.

मग इतरांनी तेच आकडे उघडून पाहिले. 1998 मध्ये डॅन ब्लॅक आणि डॅनियल नागिन यांनी एकटं फ्लोरिडा राज्य हिशेबातून वगळलं. खून आणि बलात्कारांवरचा परिणाम नाहीसा झाला! दुसरी गोम काळाची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत क्रॅक कोकेनची लाट आली आणि टोळीयुद्धांत माणसं मरू लागली. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा तडाखा बसलेल्या राज्यांनी परवाने सैल केले नव्हते, तर ज्यांनी केले त्यातली बरीच ग्रामीण वळणाची होती. त्यामुळे सैल कायद्याची राज्यं तुलनेने शहाणी दिसली. त्यात कायद्याचा हात किती आणि कोकेन कमी असण्याचा किती, हे कसं सांगणार? 2004 मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळं तपासून सांगितलं की उपलब्ध पुराव्यावरून कुठल्याच बाजूने ठाम बोलता येत नाही. जेम्स विल्सन या एकाच सदस्याने खुनांच्या आकड्यांपुरतं वेगळं मत नोंदवलं.

कोंडी फोडायला जी युक्ती कामी आली, ती मुळात स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या दहशतवादाने तिथल्या अर्थव्यवस्थेचं किती नुकसान केलं हे मोजण्यासाठी 2003 मध्ये वापरली गेली होती. तुलनेसाठी हुबेहूब जोडीदार मिळत नसेल तर तो तयार करायचा. थालीपिठाच्या भाजणीसारखं समजा. चव नेमकी जुळेपर्यंत ज्वारी किती, बाजरी किती, हरभरा डाळ किती, हे बदलत राहायचं. टेक्सासने 1996 मध्ये परवाने सैल केले. त्याआधीच्या वर्षांत टेक्सासच्या गुन्ह्यांची रेघ जशी वरखाली होत होती, तशीच रेघ इतर राज्यांच्या मिश्रणातून निघेपर्यंत प्रमाण जुळवलं गेलं. त्यात सर्वांत मोठा वाटा कॅलिफोर्नियाचा आला, मग विस्कॉन्सिन, आणि चिमूटभर नेब्रास्का. हा झाला 'नसलेला टेक्सास', सैल कायदा न केलेला. आता 1996 नंतर दोघांच्या रेघा शेजारी ठेवून पाहायच्या.

खऱ्या टेक्सासमध्ये पुढच्या दहा वर्षांत हिंसक गुन्हे घटले. कायद्याचे समर्थक एवढंच सांगून थांबतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पण भाजणीच्या टेक्सासमध्ये ते त्याहून कितीतरी जास्त घटले. म्हणजे उतार सगळीकडेच होता, या गाडीचा ब्रेक मात्र अर्धवट दाबलेला होता. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 ते 2007 दरम्यान कायदा बदललेल्या 33 राज्यांसाठी असे जोडीदार बनवले. 2019 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सैल कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, एरवी असतं त्याहून 13 ते 15 टक्के जास्त. कार्लाइल मूडी आणि थॉमस मार्व्हेल यांनी या कामावर आक्षेप घेतले आणि लॉटही आपल्या मतावर कायम आहेत. माझा कल डोनोह्यूंकडे आहे. तरी 13 ते 15 ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. भाजणीत काय घ्यायचं हे शेवटी कुणीतरी ठरवतोच.

इथे एक शंका रास्त आहे. परवानाधारक मंडळी सहसा गुन्हे करत नाहीत, मग वाढ येते कुठून? 2022 मध्ये डोनोह्यू आणि इतरांनी मोठ्या शहरांच्या आकड्यांतून याचा माग काढला. सैल कायद्यानंतर तिथे बंदुकीने होणारे हिंसक गुन्हे 29 टक्के वाढलेले दिसले. त्याच वेळी बंदूकचोऱ्या सुमारे 35 टक्के वाढल्या आणि पोलिसांकडून गुन्हे उकलण्याचं प्रमाण 13 टक्के घटलं. माणूस पिस्तूल घेऊन निघतो, जिथे नेता येत नाही तिथे ते गाडीत ठेवतो, आणि गाडीची काच फुटते. सज्जनाने रीतसर घेतलेलं हत्यार अशा रीतीने दुर्जनाच्या हाती फुकटात पडतं.

दुसऱ्या बाजूचा लाडका आकडा 25 लाखांचा. इतक्या वेळा दरवर्षी अमेरिकी माणूस बंदुकीने स्वतःचा बचाव करतो, असं गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी 1995 मध्ये लिहिलं. फोनवरून सुमारे 5,000 लोकांना विचारलं, सव्वा टक्क्याच्या आसपास लोक 'हो' म्हणाले, त्याला देशाच्या प्रौढ लोकसंख्येने गुणलं. डेव्हिड हेमेनवे यांनी यातली खोच दाखवली. समजा, 5,000 पैकी खरोखर बचाव केलेले पाचच आहेत. उरलेल्या 4,995 पैकी शंभरात एकाने जरी बढाई मारली, किंवा तीन वर्षांपूर्वीची घटना गेल्या वर्षीची म्हणून सांगितली, तरी 50 खोटे 'हो' जमा होतात आणि उत्तर अकरापट फुगतं. उलट दिशेला चुकायला माणसंच नाहीत. पाचही जण 'नाही' म्हणाले तरी पाचच कमी होणार. दुर्मीळ गोष्ट थेट विचारून मोजायला गेलं की असंच होतं, मग ती बंदूक असो वा भूत.

हे सगळं उलगडायला इतकी वर्षं का लागली, याला एक सरकारी कारणही आहे. 1996 मध्ये अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीला अट घातली की बंदूक-नियंत्रणाचा प्रचार त्यातून करायचा नाही, आणि बंदुकीच्या जखमांवरील संशोधनावर जेवढे खर्च होत होते तेवढेच, 26 लाख डॉलर, कापून टाकले. अट सुचवणारे खासदार जे डिकी पुढे पस्तावले; 2012 मध्ये त्यांनी आपल्या जुन्या विरोधकासोबत, केंद्रात हे संशोधन चालवणाऱ्या मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत, संशोधन पुन्हा सुरू करा असा जाहीर लेख लिहिला. प्रत्यक्ष पैसे सुटले ते 2019 च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलर.

आकडे असे कुठे बऱ्यापैकी हाती येत होते, तोच 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यूयॉर्कमध्ये 1913 पासूनच्या कायद्यानुसार घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरायला खास कारण दाखवावं लागे. सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट रद्द झाली. टाइम्स स्क्वेअरच्या पाट्या या निकालानंतरच्या नव्या कायद्यातल्या. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती थॉमस यांनी कसोटी घालून दिली : निर्बंधाचा फायदा-तोटा तोलायचा नाही, देशाच्या इतिहासात त्याला परंपरा आहे का एवढंच पाहायचं. असहमत न्यायमूर्ती ब्रेयर यांनी सुरुवातच 2020 मध्ये बंदुकीने मेलेल्या 45,222 अमेरिकनांपासून केली होती. त्यावर न्यायमूर्ती आलिटो यांनी, या प्रास्ताविकाचा खटल्याशी संबंध काय, असं विचारलं. डोनोह्यूंच्या 2019 च्या अभ्यासाचा उल्लेख आहे, पण तो ब्रेयर यांच्या मतात. बहुमताच्या पानांवर चर्चा आहे ती इंग्लंडच्या 1328 सालच्या एका कायद्याची : जत्रेत-बाजारात शस्त्र नेण्याची त्यातली मनाई सरसकट होती, की फक्त दहशत माजवणाऱ्यांपुरती?