मानेच्या अगदी वरच्या मणक्यांतली गाठ : पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या माझ्या मावशीने दोन वर्षं मानेला पट्टा लावला. केस विंचरताना डोक्याच्या मागच्या बाजूला कंगवा लागलेला कळत नाही, असं ती सांगायची. पण 'स्पॉन्डिलायटिस आहे' म्हटलं की विषय मिटायचा. हातापायांत जडपणा आला तेव्हा एमआरआय झाला. मानेतल्या दुसऱ्या नसेच्या, म्हणजे डोक्यामागची जाणीव नेणाऱ्या नसेच्या, आवरणाला गाठ होती.

या आवरणाच्या पेशी थिओडोर श्वान यांनी 1839 मध्ये वर्णन केल्या, म्हणून गाठीला श्वानोमा म्हणतात. ती बहुधा कर्करोगाची नसते. पण मज्जारज्जूला दाबते, आणि तेवढं पुरतं.

1887 साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जू दाबणारी गाठ काढली. ती पाठीच्या भागात होती. एक्स-रे निघायला अजून आठ वर्षं होती. गाठ नेमकी कुठे असेल हे मेंदू-नसांचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून ताडलं होतं. रुग्ण पुन्हा चालू लागला. मला हे ऑपरेशनाइतकंच त्या तपासणीचं यश वाटतं. कंगव्याची तक्रार कुणी नीट ऐकली असती तर!

मानेच्या वरच्या टोकाला हात घालणं मात्र फार अवघड. वर श्वास चालवणारा मेंदूचा भाग, बाजूने मेंदूकडे जाणारी धमनी वळसे घेत चढते. पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमध्ये नसेला मोकळी जागा असल्यामुळे गाठ बरीच मोठी होईपर्यंत गप्प राहते. काही वेळा ती डंबेलसारखी होते, एक गोळा आत, एक बाहेर. 1957 मध्ये अमेरिकेत थिओडोर कुर्झ यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. 1980च्या दशकात एमआरआय आला आणि चिरा देण्याआधीच गाठीचा आकार दिसू लागला.

यापुढचा मोठा धडा आपल्याच मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात लिहिला गेला. डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या नसेच्या अशा गाठींच्या 60 रुग्णांचा अनुभव 2008 मध्ये प्रसिद्ध केला. ही गाठ मज्जारज्जूच्या जाड आवरणाच्या पदरांमध्येच वाढते. त्या पदराच्या आत राहून ती पोखरत काढली, तर शेजारच्या धमनीला आणि मज्जारज्जूला धक्का लागत नाही. हाड फार कापावं लागत नाही. मणके डळमळीत असतील तर पट्टी-स्क्रूने बांधायची त्यांची पद्धत 1994 मध्येच प्रसिद्ध झाली होती. नस कापावी लागली तरी बहुतेकदा डोक्यामागचा एक पट्टा बधिर राहतो, हाताची ताकद जात नाही.

1993 मध्ये 22व्या गुणसूत्रावरचं एक जनुक सापडलं. त्यात बिघाड असला की अशा गाठी अनेक होतात, कानाच्या नसांनाही. घरात कुणाला लहान वयात ऐकू कमी येऊ लागलं होतं का, हे डॉक्टरांनी आम्हाला विचारलं ते त्यासाठी. तसं कुणीच नव्हतं. मावशीला ती एकच गाठ होती.