चेंडू 100 मैलांचा, कोपर मात्र तेच

21 मार्च 2023, मायामी. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना. जपान 3, अमेरिका 2, शेवटचा डाव, दोन बाद. माउंडवर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर, जपानचा पिचर (गोलंदाज) शोहेई ओतानी. समोर अमेरिकेचा बॅटर माइक ट्राउट, एरवी त्याच्याच एंजल्स संघातला जोडीदार. ओतानीनं आधी ताशी 100 मैलांच्या म्हणजे 161 किलोमीटरच्या घरातले चेंडू टाकून ट्राउटला थकवलं आणि मग 87 मैलांचा एक ‘स्वीपर’ सोडला. चेंडू बॅटरपुढच्या प्लेटसमोरून आडवा सरकत गेला, ट्राउटची बॅट हवेत फिरली आणि जपान जिंकलं. काही क्षणांत वाहिन्यांवर आकडे आले: वेग इतका, आडवं वळण सुमारे 17 इंच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओतानीच्या उजव्या कोपरातला लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटला. त्यावर किती ताण येतोय, हा आकडा पडद्यावर कधी आलेलाच नव्हता.

अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. चहाचा कप घेऊन बसलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती चेंडू योग्य जागेतून गेला का ते दाखवणारी बॅटरसमोरची चौकट, आणि ती आपल्याला अनोळखीही वाटत नाही. 2001 साली ईएसपीएननं बेसबॉलमध्ये ‘के-झोन’ ही अशीच चौकट दाखवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत हॉक-आय पहिल्यांदा प्रक्षेपणात दिसलं. पायचीतच्या अपिलावर आपण ज्याच्याकडे बघत श्वास रोखतो, तेच हॉक-आय 2020 पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, मैदानांवर 12 कॅमेरे लावून प्रत्येक चेंडूचा माग काढतं. आधी, 2015 मध्ये ‘स्टॅटकास्ट’ ही व्यवस्था सगळ्या मैदानांवर आली, तेव्हा चेंडूसाठी रडार होतं.

टीव्हीवरचं चित्र मात्र जरा फसवं असतं. मुख्य कॅमेरा पिचरच्या मागे, सीमेपलीकडे, मध्यरेषेच्या थोडा बाजूला असतो. लांबून टिपणाऱ्या भिंगामुळे पिचर आणि बॅटर यांच्यातलं 18.44 मीटर अंतर चपटं होतं आणि तिरक्या कोनामुळे आडवी वळणं खरी दिसत नाहीत. म्हणून तर पडद्यावर आकडे हवेत. डोळ्यांना जे कळत नाही ते आकडा सांगतो, आणि माझ्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल उमगायला लागला तो या आकड्यांमुळेच.

‘उसळणाऱ्या’ फास्टबॉलचंच घ्या. 100 मैलांचा चेंडू हातातून सुटून बॅटरपर्यंत पोचायला साधारण 0.4 सेकंद घेतो. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण कोणत्याही वस्तूला पाऊण मीटरहून जास्त खाली ओढतं. पण फोर-सीम फास्टबॉल, म्हणजे बोटं शिवणीवर आडवी ठेवून टाकलेला सरळ वेगवान चेंडू, उलटा गिरक्या घेत जातो, मिनिटाला सुमारे 2,300 फेरे. त्यामुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि प्रतिक्रिया म्हणून चेंडूला वर रेटा मिळतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चांगल्या पिचरच्या चेंडूत हा रेटा चाळीसेक सेंटिमीटर घसरण वाचवतो. म्हणजे चेंडू वर जात नाहीच, फक्त बॅटरच्या अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅट फिरायलाच 0.15 सेकंद लागतात, त्यामुळे निर्णय अर्ध्या वाटेवरच घ्यावा लागतो. मेंदूनं नेहमीच्या घसरणीचा हिशेब केलेला असतो आणि बॅट चेंडूच्या खालून निघून जाते.

स्वीपरची गंमत वेगळी. यूटा स्टेट विद्यापीठातले बार्टन स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं, की चेंडूवरची शिवण ठरावीक जागी आली की हवेचा प्रवाह एका बाजूला लवकर सुटतो आणि चेंडू दुसरीकडे ढकलला जातो, गिरकीच्या हिशेबात न बसणारा. शिवणीनं हवा वळवायची ही कल्पना आपल्या स्विंग गोलंदाजांना नवी नाही. फरक इतकाच की बेसबॉलच्या चेंडूवर 108 टाके नागमोडी फिरतात आणि चेंडू जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे जे काही करायचं ते हवेतच.

हे सगळं मोजता आलं, तसं घडवताही येऊ लागलं. वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावी काइल बॉडीनं सुरू केलेल्या ड्राइव्हलाइनसारख्या प्रयोगशाळांत वेगवान कॅमेऱ्यासमोर पिचर चेंडू टाकतो, बोटं किती सरकवली की गिरकीचा आस किती वळतो ते पाहतो आणि पुन्हा टाकतो. पूर्वी एखादा नवा चेंडू शिकायला अख्खा हंगाम जायचा, आता काही आठवड्यांत हाती लागू शकतो. वेगाचंही तसंच. मेजर लीगच्या स्वतःच्या अहवालानुसार फोर-सीम फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये 91.3 मैल होता, 2024 मध्ये 94.2. तीन मैलांचा फरक फार वाटत नाही, पण ही सगळ्यांची सरासरी आहे.

इथे जॉन स्मोल्ट्झची आठवण काढावीच लागते. अटलांटा ब्रेव्ह्जचा हा जुना पिचर आता फॉक्स वाहिनीवरचा मुख्य विश्लेषक आहे, आणि आजच्या पिचिंगवर सतत कुरकुरतो म्हणून तरुण प्रेक्षकांत बराच बदनाम. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आज प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांतानं टाकला जातो, डाव रचणं, बॅटरला खेळवणं, दम राखून ठेवणं ही कला गेली. ‘आमच्या वेळी’छाप समालोचन मला सहन होत नाही, आपल्याकडेही त्याचा पुरवठा भरपूर आहे. शिवाय माइक हातात येतो तो टिकलेल्यांच्याच. सँडी कूफॅक्ससारखा अद्वितीय पिचर 1966 च्या हंगामानंतर, वयाच्या तिशीत, दुखऱ्या कोपरापायी निवृत्त झाला. नोलन रायन 27 हंगाम टिकला तो नियमाला अपवाद म्हणून. पण स्मोल्ट्झचं प्रकरण निराळं आहे. 2000 साली त्याच्या स्वतःच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि ती होऊन हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला पिचर. 2015 च्या सत्काराच्या भाषणात त्यानं पालकांना विनवलं होतं, की मुलांना बारा महिने बेसबॉल खेळवू नका.

ही शस्त्रक्रिया म्हणजे ‘टॉमी जॉन’. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा आत वळवा. मधोमध एक दोरी उठून दिसेल (काहींच्या हातात ती नसतेच, त्यांचं काही अडत नाही). 25 सप्टेंबर 1974 रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातली ही दोरी काढून डाव्या कोपरात फाटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवली. टॉमी जॉन 1976 मध्ये मैदानात परतला, 1989 पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर 164 सामने जिंकला.

तो लिगामेंट का फाटतो? चेंडू टाकताना खांदा आतल्या बाजूला सेकंदाला सुमारे 7,000 अंशांच्या वेगानं फिरतो, म्हणजे तसाच फिरत राहिला तर सेकंदात जवळपास 20 फेरे होतील. त्याच्या किंचित आधी कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे 64 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. मीटरभर आडव्या दांड्याच्या टोकाला साडेसहा किलोचं ओझं टांगावं तसा. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा लिगामेंट साधारण त्याच्या निम्म्या पिळालाच तुटतो. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू पेलतात. व्यायामानं स्नायू भराभर वाढतात, लिगामेंट त्या गतीनं वाढत नाही. गाडीचं इंजिन बदललं, ब्रेकची तार जुनीच राहिली, असा हा मामला. क्रिकेटमध्ये हात 15 अंशांपेक्षा जास्त सरळ केला तर गोलंदाजी फेकी ठरते, त्यामुळे वेगवान गोलंदाजाचं ओझं जातं पाठीच्या मणक्यांवर. बुमराची पाठ आपण पाहिलीच. बेसबॉलमध्ये फेकणं हाच खेळ, म्हणून आधी कोपर बोलतं.

डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगनं पिचरांच्या दुखापतींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. लहानमोठ्या लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया 2010 मध्ये 104 होत्या, 2024 मध्ये 281. दोष दिला तो वाढता वेग, चेंडूच्या गिरकी-वळणाचा हव्यास आणि दर चेंडूला लावलेला पूर्ण जोर यांना. खेळाडूंच्या संघटनेनं 2023 मध्ये आलेल्या पिच-क्लॉककडे, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला लावणाऱ्या घड्याळाकडे, बोट दाखवलं होतं, पण अहवालाला त्याचा पुरावा सापडला नाही. अर्थात अहवाल लीगचाच, हेही लक्षात ठेवावं.

स्मोल्ट्झ तर बरोबर निघाला, पण ‘आजची पोरं मूर्ख’ हा सूर काही खरा नाही. आकडेवारीनं दाखवलं, की तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला अधिक सहज फटकावतात. मग मॅनेजर (संघाचा प्रशिक्षक) नऊ डावांपैकी पाचव्या-सहाव्या डावातच त्याला बसवतो आणि ताज्या दमाचा पिचर आणतो. 1904 मध्ये एकट्या जॅक चेस्ब्रोनं 48 सामने शेवटपर्यंत टाकले होते. 2024 मध्ये सगळ्या 30 संघांचे मिळून असे सामने झाले 28. पाच डावच टाकायचे ठरलेल्या माणसानं दम राखायचा कशासाठी? संघाच्या हिशेबात 100 मैल बसतात, करारही त्यावरच होतो. कोपर फाटलं तर रांगेत दुसरा उभा असतो.

ओतानीची शस्त्रक्रिया सप्टेंबर 2023 मध्ये झाली, त्या कोपराची दुसरी. 16 जून 2025 रोजी, आता डॉजर्सच्या गणवेशात, तो पुन्हा माउंडवर चढला. टाकला एकच डाव. त्यात एक चेंडू 100 मैलांच्या पुढे गेला आणि पडद्यावर नेहमीच्या जागी आकडा उमटला.