काडतुसे झाडल्याने संपत नाहीत

2020 च्या जुलैत ठाण्यात दुसऱ्यांदा कडक टाळेबंदी लागली होती. दूध सकाळीच आणायचे, भाजीवाला गेटबाहेर, आणि सोसायटीचा ग्रुप दिवसभर पेटलेला. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या डॅलसच्या मावसभावाने एक फोटो पाठवला. खेळाच्या सामानाचे दुकान, काडतुसांचे काचेचे लांबलचक कपाट, आत एकही खोके नाही. काचेवर हाताने लिहिलेला कागद : नाइन एमएम (पिस्तुलाचे काडतूस) नाही, कधी येईल ठाऊक नाही, कृपया विचारू नका. खाली त्याने लिहिले होते, 'दादा, आमच्या भागात तर एकही गोळी सुटलेली नाही. मग हे सगळं गेलं कुठे?'

प्रश्न बरोबर आहे आणि त्याच्या पोटात उत्तरही आहे. ते सांगण्याआधी शब्दांचा गुंता सोडवावा लागेल. 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' ही ओळ ठाणे-कल्याण पट्ट्याच्या बातम्यांत वरचेवर असते. जिवंत म्हणजे न झाडलेले काडतूस. झाडल्यावर मागे उरते ती पुंगळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचे शिशाचे टोक. मागे पितळी पुंगळी, तिच्यात दारू, आणि बुडाला एक इवलीशी वाटी. तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. तिला इथे टिकलीच म्हणतो. दिवाळीत पोरांच्या पिस्तुलात असते त्याच जातीची, फक्त आतला मसाला निराळा आणि फार तापट. हा मसाला सुका असताना नुसत्या घर्षणानेही उडू शकतो, म्हणून ओला ठेवून, थोडा थोडा करून भरतात. पितळ कुणीही ओढेल, शिसे कुणीही ओतेल, टिकली मात्र अमेरिकेतसुद्धा मोठ्या प्रमाणावर करणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. तुटवड्याचा इतिहास हा बराचसा टिकलीचा इतिहास आहे.

1857 ची काडतुसे शाळेतच होऊन गेली आहेत, आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातून हत्यार कसे काढले तेही. ते सोडून देतो. आजच्या अर्थाचा तुटवडा, म्हणजे युद्ध नसताना, कारखाने चालू असताना दुकाने रिकामी होणे, हा अमेरिकेतला प्रकार आहे आणि फार जुना नाही. 1993-94 मध्ये तिथे काही बंदुकांवर बंदी येणार अशी चर्चा सुरू झाली आणि घरच्या घरी पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्या शौकिनांना टिकल्या मिळेनात. यापुढे ठरावीक काळाने निकामी होणाऱ्या टिकल्याच विकणार, अशी अफवाही तेव्हा फिरली होती. 2008 च्या निवडणुकीनंतर पुन्हा तेच. दोन्ही वेळा रस्त्यावर गोळीबार वाढला म्हणून लोक धावले नव्हते. उद्या कायदा बदलेल आणि हे मिळणार नाही, ही धास्ती होती. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडच्या बातम्यांत तो नेहमी गाळला जातो.

डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या एका प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. कडक कायद्याची मागणी उठली आणि काही आठवड्यांत देशभरची कपाटे रिकामी झाली. या लाटेबद्दल एक वाद आजही शमलेला नाही, आणि मी त्यावर जरा जास्त थांबणार आहे. कारण मी बावीस वर्षे एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या भांडार विभागात काढली आणि तो सगळा वाद एका शब्दावरचा आहे, हे मला पहिल्या दिवशी कळले होते.

त्या सुमारास बातमी आली की अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षेचा विभाग चार-पाच वर्षांत 160 कोटी काडतुसे घेणार. आकडा डोळे पांढरे करणारा. सरकार मुद्दाम बाजार कोरडा करत आहे, लोकांच्या बंदुका काढून घेता येत नाहीत म्हणून त्यांच्या पोटातला दाणा काढून घेत आहे, असा अर्थ लागला. संसदेत अशा खरेदीला आळा घालणारी विधेयके आली. ज्यांनी आधी साठा केला नव्हता तेही मग दुकानाकडे पळाले.

मूळ कागदांत मात्र शब्द होता 'पर्यंत'. इतक्या कोटींपर्यंत. आपल्या भाषेत हा दरकरार. दरकरार म्हणजे खरेदी नव्हे. पुरवठादाराशी भाव बांधून घ्यायचा, कमाल आकडा मोठा लिहायचा म्हणजे भाव उतरतो, आणि मग लागेल तसा पुरवठा आदेश काढायचा. आम्ही ब्लीचिंग पावडरीचा दरकरार करायचो तेव्हा कागदावरच्या आकड्याने शहरातला प्रत्येक हौद दोनदा पांढरा झाला असता. प्रत्यक्षात येत त्याच्या पाव ट्रक. एकदा एका वार्ताहराने तोच आकडा छापला आणि आठवडाभर आम्ही खुलासे देत बसलो. अमेरिकेतला विभाग हेच सांगत होता : हजारो सशस्त्र कर्मचारी आहेत, नुसत्या प्रशिक्षण केंद्रांतच वर्षाला दीड कोटीपर्यंत राउंड, म्हणजे काडतुसे, झाडले जातात, घाऊक करार स्वस्त पडतो. 2014 च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब तपासला. 2013 ची प्रत्यक्ष खरेदी आधीच्या पाच वर्षांपेक्षा कमीच निघाली. नागरी बाजारात वर्षाला काही अब्ज राउंड खपतात, त्यापुढे ती फार लहान होती.

तरीही ज्यांनी शंका घेतली ते सगळे वेडे होते, असे मी म्हणणार नाही. कमाल आकडा छापून मोकळे व्हायचे आणि खुलासा महिन्यांनी करायचा, ही सरकारी सवय मी आतून पाहिली आहे. त्या मधल्या महिन्यांतच तर बाजार रिकामा झाला.

त्या फेरीत सगळ्यात जास्त हाल पॉइंट टू-टूचे झाले. हे सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त काडतूस, पोरे ज्यावर नेमबाजी शिकतात ते. संरक्षणासाठी कुणी ते मुद्दाम निवडत नाही. तरी नाइन एमएम परत आले, रायफलचे राउंड आले, आणि हे मात्र 2015 उलटले तरी धड मिळत नव्हते. कारण त्याला वेगळी टिकली नसते. मसाला ओला असतानाच पुंगळीच्या बुडाच्या कडेत फिरवून बसवतात. त्यासाठी यंत्रेच वेगळी लागतात, नाइन एमएमची यंत्रे इकडे वळवता येत नाहीत, आणि झाडलेली पुंगळी पुन्हा भरताही येत नाही. त्यात ते इतके स्वस्त की 500 चा डबा दिसला की माणूस गरज नसताना उचलतो. पूर्वी नगाला चार-पाच सेंटला मिळणारा राउंड दुप्पट-तिप्पट भावाने हातोहात फिरू लागला. सकाळी ट्रक येण्याच्या वेळेला दुकानाबाहेर उभे राहणारे, 'माणशी दोन खोकी' घेऊन दुपारी तीच विकणारे तयार झाले. रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. मर्यादेची पाटी लावली की न लागणाराही रांगेत येतो, हे आमच्या रेशन दुकानदाराने फार पूर्वी ओळखले होते.

मग कारखाने वाढवले का नाहीत? 'कंपन्यांनीच कृत्रिम टंचाई केली' हा आरोप इथून निघतो. नवी टिकलीची किंवा पुंगळीची लाइन उभी करायला वर्षे जातात आणि भीती तितकी टिकत नाही. 2016 च्या निवडणुकीत कडक कायद्याची शक्यता मावळली तसा खप कोसळला. लोक आधी घरातला साठा संपवू लागले. अमेरिकेतली दोनशे वर्षांची एक बंदूक आणि काडतूस कंपनी मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जुलै 2020 मध्ये पुन्हा. गंमत अशी की दुसऱ्यांदा दिवाळे निघाले तेव्हा बाजारात काडतुसाला सोन्याचा भाव होता, आणि तिचा अर्कान्सामधला मोठा कारखाना मागणी शिगेला असताना मालक बदलण्याच्या धांदलीत अडकला. ज्यांनी मागणीच्या मागच्या भरतीत पैसा घातला नाही ते शहाणे ठरले होते. म्हणून पुढच्या भरतीलाही क्षमता तेवढीच राहिली.

ती पुढची भरती म्हणजे 2020. महामारी, मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरची निदर्शने, आणि नोव्हेंबरची निवडणूक, तिन्ही एकाच वर्षात. बंदूक खरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासण्या 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 84 लाख होत्या, त्या 2020 मध्ये 3 कोटी 97 लाखांवर गेल्या. पहिल्यांदाच बंदूक घेणारे 84 लाख होते, असा तिथल्या उद्योगाचाच अंदाज. आता साधा गुणाकार करा. प्रत्येकाने पन्नासची दोनच खोकी घेतली तरी 84 कोटी काडतुसे, आणि हे लोक आदल्या वर्षी गिऱ्हाईकच नव्हते. दोन खोक्यांना साठेबाजी म्हणायला जीभ रेटत नाही. एका मोठ्या उत्पादकाच्या प्रमुखाने त्या वर्षअखेरीस जाहीरपणे सांगितले की आमच्याकडे 1 अब्ज डॉलरच्या वर ऑर्डरी पडून आहेत, आम्ही काही लपवून ठेवलेले नाही. नाइन एमएमचा राउंड 20 सेंटच्या आसपास होता तो 60-70 वर पोचला. टिकल्या तर सुट्या दिसेनातच, कारण करणारे तेच आणि ते आधी स्वतःच्या काडतुसांत बसवणार. ऑगस्ट 2021 मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयातीवर निर्बंध आले आणि स्वस्तातला शेवटचा झराही आटला.

साठेबाज हा शब्द आपण फार लवकर काढतो. नोटाबंदीच्या आठवड्यात मीठ संपल्याची अफवा उत्तरेतून पसरली, तेव्हा कोपरीत आमच्या शेजारीण काकूंनी पाच किलो मीठ आणून ठेवले. त्यांच्या गच्चीवरून मुलुंडची मिठागरे दिसतात. त्यांना साठेबाज म्हणायचे? 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी चिठ्ठी घेऊन शहर पालथे घालणाऱ्यांनी एकाऐवजी सहा कुप्या मागितल्या, तेही त्यातलेच. प्रत्येकाचा हिशेब एकट्यापुरता बरोबर असतो.

आपल्याकडे काडतुसांचे असे का होत नाही, याचे कारण संयम हे नव्हे. कारण परवान्याची वही. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे दोन्ही आकडे तिच्यात लिहिलेले असतात. दुकानदार वही उघडतो, शिल्लक पाहतो, तारीख आणि संख्या लिहितो, शिक्का मारतो, मग खोके काउंटरवर येते. कांद्याचा भाव चढला तेव्हा सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने घाऊक व्यापाऱ्याला 500 क्विंटलची साठा-मर्यादा घातली आणि वाशीच्या बाजारात एकच कल्लोळ झाला. काडतुसाला ती मर्यादा कायमचीच आहे. उत्तरेतल्या काही भागांत तर नवे घ्यायला आधीच्या रिकाम्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने माणशी बंदुकाही तीनावरून दोनावर आल्या.

शिवाय वातावरण तापले की इथे बंदूक घरात येत नाही, घराबाहेर जाते. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. ठाण्याचे मतदान 20 मे. मधल्या काळात ज्यांना नोटीस आली त्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून पोच घेतली. सरसकट सगळ्यांची जमा करू नका, छाननी समितीने एकेकाचे पाहून ठरवा, असे न्यायालयाने बजावलेले आहे आणि स्पर्धक नेमबाजांना सूटही आहे. तरी कापडात गुंडाळलेली बारा बोर घेऊन बाकड्यावर बसलेले आजोबा दर निवडणुकीत दिसतात.

आपला तुटवडा वेगळा आहे, तो पुरवठ्याच्या नळीतच होतो. पितळ आपले आहे. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात पुंगळीसाठी लागणाऱ्या पितळी वाट्या निघतात, खडकी आणि वरणगावला काडतुसे होतात, आणि जुन्या परवानाधारकाच्या पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीच्या बुडावर 'के.एफ.' ही खडकीची अक्षरे असतात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये या कारखान्यांचे जुने मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. पण स्पर्धेचा पॉइंट टू-टू राउंड ब्रिटन-जर्मनीतून येतो. ते कारखाने अमेरिकेलाही माल देतात, आणि तिकडे कुणाला रात्री झोप लागेनाशी झाली की इकडची ऑर्डर रांगेत मागे सरकते. 2021 मध्ये आमच्या रेंजवर मुले साठऐवजी तीस गोळ्यांची मालिका मारत होती, बाकीचा सराव रिकाम्या रायफलने. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनमुळे गाडे दारूवर येऊन अडकले. तोफगोळ्याला लागणारी नायट्रोसेल्युलोज कापसाच्या आखूड तंतूंपासून होते, तीच काडतुसाच्या दारूलाही लागते. युरोपने वर्षात दहा लाख तोफगोळे द्यायचे ठरवले होते. मार्च 2024 पर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास गेले.

डॅलसच्या भावाने शेवटी 2021 मध्ये पिस्तूल घेतले आणि पन्नासचे एक खोके मिळवले, 48 डॉलरला. रेंजवर जाऊन वीस झाडली. परवा फोनवर विचारले तर उरलेली तीस कपाटातच होती, वर आणखी चार खोकी. भाव उतरलाय म्हणून घेऊन ठेवली, म्हणाला.