निळ्या चॅनलमधलं काळं आभाळ

अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात काढलेल्या) फोटोची फाइल पहिल्यांदा संगणकावर उघडली की कॅमेरा बिघडला असंच वाटतं. सगळं चित्र लालभडक, जणू कुणी त्यावर कोकमाचं आगळ ओतलंय. या लालीला अर्थ नाही. प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात; आपली नजर साधारण ७०० नॅनोमीटरपाशी थांबते आणि रंगांची गोष्टही तिथेच संपते. कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर मात्र जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतो. ७०० च्या पुढचा हा अवरक्त प्रकाश रोजच्या फोटोत घुसू नये म्हणून सेन्सरपुढे एक काच बसवलेली असते. हौशी मंडळी ती काढून घेतात, नाहीतर भिंगावर ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्याच्या पुढचाच प्रकाश सोडणारा) फिल्टर चढवून, ट्रायपॉड लावून, काही सेकंदांचं एक्स्पोजर देतात. (शरीराची उष्णता टिपणारे कॅमेरे निराळे, ते याच्या दहापट लांब लहरी पाहतात.)

मग लाल येतो कुठून? सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा इवलासा फिल्टर असतो. तो दृश्य प्रकाशासाठी बनवलेला. ७०० च्या जरा पुढे हिरवा आणि निळा अजून प्रकाश अडवतात, लाल सोडून देतो. ८५० च्या पुढे तिघेही जवळपास सारखेच पारदर्शक होतात. म्हणून ८५० चा फिल्टर लावलात, तर फाइल जवळजवळ कृष्णधवलच जन्माला येते.

७२० च्या फाइलमधला रंग काढून टाकला तर काहीच गमावत नाही. फक्त तो एका बटणाने काढू नये. रंगाचे करडे करण्याचं टीव्हीच्या काळातलं सूत्र ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा घेतं. हे प्रमाण माणसाच्या डोळ्यासाठी ठरलेलं. इथे डोळ्याचा संबंधच नाही.

आधी व्हाइट बॅलन्स (कशाला पांढरं मानायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) गवतावर किंवा पानांवर करावा, शक्यतो कॅमेऱ्यातच, कारण अनेक सॉफ्टवेअरमधली त्यासाठीची पट्टी २००० केल्विनला अडते आणि चित्र तांबडंच राहतं. मग चॅनल मिक्सर उघडावा. लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांनी टिपलेली तीन वेगळी चित्रं म्हणजे चॅनल, आणि करड्या चित्रात कुठलं किती घ्यायचं ते इथे ठरतं. इथे खरी गंमत आहे. नेहमीच्या कृष्णधवल फोटोत आभाळ काळं करायला लाल वाढवतात. इथे निळा वाढवावा लागतो! हवा आखूड लहरी जास्त विखुरते, त्यामुळे आभाळाकडून जो थोडा प्रकाश येतो तो मुख्यतः ७२० च्या आसपासचा, आणि तो लाल चॅनलमध्ये जमा होतो. निळ्याच्या वाट्याला लांब लहरी येतात, तिथे आभाळ आणखी गडद. पण निळ्यात प्रकाश कमी, म्हणून दाणेही (चित्रातला खरखरीतपणा, नॉइज) जास्त. मी लाल भरपूर ठेवतो आणि आभाळापुरता निळा मिसळतो.

अवरक्त फोटोत पानं पांढरी दिसतात, ती का? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला ‘वुड परिणाम’ म्हणतात; लाकडाशी त्याचा संबंध नाही. हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही. तो पानात शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटत राहतो, आणि साधारण निम्मा परत बाहेर पडतो. रंगवलेलं हिरवं कापड हे करेलच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात झाडीसारख्या हिरव्या आच्छादनाआड लपवलेल्या छावण्या अवरक्त फिल्मवर त्यामुळेच उघड्या पडत.

पानांभोवती जी स्वप्नाळू आभा दिसते, ती मात्र निसर्गाची नाही. कोडॅकच्या एचआयई या अवरक्त फिल्मला मागून परतणारा प्रकाश शोषणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांच्या कडा पसरत. ती फिल्म २००७ मध्ये बंद झाली. आता लोक उजळ भागाची धूसर प्रत वर चढवून ती आभा पुन्हा आणतात. चिमूटभर ठीक, जास्त झालं की झाडाला कापूस फुटल्यासारखा दिसतो.

शेवटी सावल्या. निळं आभाळ अवरक्त प्रकाश फारसा देत नाही, त्यामुळे सावलीत भरणारा प्रकाशच कमी असतो. त्या उजळायला गेलात तर बहुतेक दाणेच वर येतील. काळ्याच राहू द्या.